एका ‘ट’चं बेट

आमच्या घरात शुद्ध मराठी बोलली जाते, आणि केवळ त्यामुळेच मी एका उघड्याबोडक्या डोंगरमाथ्यावर लाइफ जॅकेट घालून उभी राहिले.

मी मूळची पुण्याची. (हे मी कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीला सांगतेच. ईशा, म्हणजे माझी लेक, म्हणते की मी लिफ्टमध्येसुद्धा सांगते.) लग्न होऊन बेंगळुरूला आले ती जयनगरातल्या एका मराठी घरात. चार पिढ्यांपासून इथलेच, भांड्यांचं दुकान. ‘घरात सगळे मराठीच बोलतात’ असं स्थळ आलं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ते बोलायचे ते मला कळत नव्हतं, इतकंच! पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, “स्वल्प थांब गं, अन्न झालं नाही.” अन्नच झालं नाही म्हटल्यावर मी बॅगेतली चिवड्याची पुडी काढून खाल्ली आणि पडून राहिले. नंतर कळलं, इथे अन्न म्हणजे भात. बाकी सगळं तयार होतं, आणि सून जेवायला का येत नाही म्हणून पंगत खोळंबली होती.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्या घराची मराठी सुधारायची. आणि मी ठरवलं की मग ब्रह्मदेवही मला अडवत नाही, सासूबाई तर सोडाच. “स्वल्प नाही, थोडं म्हणा.” “सरी नाही, बरं म्हणा.” सासूबाईंना सगळं जयनगर अक्का म्हणतं आणि घाबरतं, पण माझ्यापुढे त्यासुद्धा जपून बोलायला लागल्या. नवरा, रघुनाथ, आधीच मितभाषी, त्यात मी अर्धे शब्द काढून घेतलेले. मी चुका काढायची, ते “सरी” म्हणायचे. मी त्या ‘सरी’ची चूक काढायची, ते “बरं” म्हणायचे. आम्ही पुढे एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो, मी रविवारी मंडळातल्या मुलांना मराठी शिकवायला लागले, आणि माझ्या मराठीला आव्हान देणारं कुणी उरलं नाही. तिथेच घात झाला.

आता बेटाचं. हनिमूनला बेटावर जायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. प्रत्यक्षात आम्ही कुलदैवताला गेलो. टेम्पो ट्रॅव्हलरमधून! सासूबाई, सासरे, दोन आत्या, एका आत्याचे दीर आणि त्यांची बद्धकोष्ठता. खिडकीजवळची जागा दिरांना, कारण त्यांना हवा लागायची. मी आणि रघुनाथ मधल्या वेगवेगळ्या रांगांत. तेव्हापासून मी जिथे जिथे गेले तिथे कुणी ना कुणी बरोबर आलं. उटीला सासूबाई, म्हैसूरला आत्या, अगदी माझ्या दाढेच्या ऑपरेशनलासुद्धा चौघं. माणसं प्रेमळ, तक्रारच नाही. पण मला एकदा, फक्त एकदा, नवऱ्याबरोबर अशा ठिकाणी जायचं होतं की जिथे चारी बाजूंनी पाणी असेल. तीन बाजूंनी असून उपयोग नाही. चौथ्या बाजूनं नातेवाईक येतात.

लग्नाला पंचवीस वर्षं व्हायच्या वर्षी मी एक लेख वाचला. कुठल्यातरी धरणाच्या फुगवट्यातलं बेट, त्यावर राखीव जंगल, होडीशिवाय वाट नाही, फोनला रेंज नाही, हॉटेल नाही. दोन झाडांना झोळी बांधायची आणि वर चांदण्या बघत झोपायचं. मला रडूच फुटलं.

“आई, त्याला हॅमॉक म्हणतात,” ईशा म्हणाली. ती आणि जावई बेळ्ळंदूरला राहतात आणि दर शनिवारी जेवायला येतात.

“झोळी म्हणायला काय जीभ झिजते? आणि आयलंड आयलंड काय चाललंय तुझं? बेट म्हण!”

ती हात जोडून उठली. तेवढ्यात हे दुकानातून आले, तशी मी त्यांच्याकडे वळले.

“अहो, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला काय हवंय सांगू?”

“सांग.”

“बेट.”

“बेट्ट?” ह्यांचे डोळे जरा मोठे झाले.

“बेट्ट नाही हो! बेट! एकच ट. खिळा ठोकल्यासारखा दोनदा काय मारताय?”

“बेट.”

“पुन्हा म्हणा.”

“बेट.”

“शाब्बास!” मी म्हटलं. (हा ‘शाब्बास’ मला आता रोज आठवतो.)

 मग हे हळूच म्हणाले, “शुभा, मला गरगरतं गं तिथे.”

“सगळ्यांनाच गरगरतं. गोळी घ्या आणि खाली बघू नका.”

“आणि तुझे गुडघे?”

“गुडघ्यांचं काय? जाऊन झोळीत तर पडायचंय!”

“सरी.”

“बरं म्हणा.”

“बरं.”

आणि खरंच, ह्या माणसानं त्याच आठवड्यात सगळं जमवलं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं परवानगी काढली. “शांत बेट आहे,” म्हणाले, “माणसं फार येत नाहीत. जंगल आहे. गणपती झाले की लगेच.” मी इतकी खूश झाले की त्या दिवशी त्यांच्या बोलण्यातली एकही चूक काढली नाही.

तयारीला लागले. झोळ्या ऑनलाइन मागवल्या. आल्या त्या नायलॉनच्या, हात लावला तरी खाज सुटेल अशा. आत अंथरायला मऊ काहीतरी हवं होतं, म्हणून मी सासूबाईंना फोन केला. तो फोन मी शब्दन् शब्द सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

“आई, तुमच्याकडे एखादी जुनी सुती साडी आहे का? झोळीला हवी आहे.”



“झोळी? तुमच्या घरात?”

“हो! शेवटी एकदाचं ठरलं बाई. पंचवीस वर्षं वाट बघतेय.”

“अगं देवा!” त्यांचा आवाज कापला. “कधी?”

“गणपती झाले की लगेच.”

“इतक्या लवकर? आणि आत्ता सांगतेस?”

“अहो, आत्ताच तर नक्की झालं. आणि साड्या दोन द्या हं. दोन झोळ्या आहेत.”

“दोन!”

“मग? एका झोळीत दोघं कशी मावतील?”

सासूबाई चक्क रडायला लागल्या. मला वाटलं, सुनेचं इतक्या वर्षांचं स्वप्न पुरं होतंय म्हणून भरून आलं असेल. मलाही भरून आलं. त्या म्हणाल्या, “मी कुणाला सांगत नाही हं इतक्यात.” मी उदारपणे म्हटलं, “अहो सांगा की! ह्यात लपवायचं काय आहे?”

त्यांनी सांगितलं. जयनगरातल्या त्या रस्त्यावर दुधवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी सरावात गुंतले होते. लेखात म्हटलं होतं की झोळीत शिरायची एक पद्धत असते. आधी बसायचं, मग पाठ टेकायची, मग पाय वर घ्यायचे. आमच्या सोसायटीच्या बागेत एक बदामाचं झाड आणि एक दिव्याचा खांब सोयीच्या अंतरावर आहेत. रविवारी सकाळी मी तिथे झोळी बांधली. ह्यांना शेजारी उभं केलं आणि आधी बसले. मग पाठ टेकली. पाय वर घेतले तेव्हा झोळीनं स्वतःच्या मनानं एक गिरकी घेतली आणि मी तिच्यात उपडी गुंडाळली गेले, तोंड खाली, हात आत अडकलेले, बाहेर फक्त पावलं. अळूवडीच म्हणा ना! आणि अळूवडी निदान कापताना तरी सुटते.

“अहो, सोडवा!”

“कुठून धरू?” हे म्हणाले.

“कुठूनही धरा!”

त्यांनी नेमका नको तो दोर ओढला आणि मी आणखी एक वेढा घेतला. वॉचमन धावत आला. “मेडम, आंब्युलन्स?” मी आतून ओरडले, “रुग्णवाहिका नको!” (तशा अवस्थेतही, बघा.) तेवढ्यात गेटातून दुकानाचा टेम्पो आत आला.

मला दिसत काहीच नव्हतं. ऐकू येत होतं. आधी टेम्पोतून काहीतरी जड, पितळी, घणघणत उतरवलं गेलं. मग पुन्हा एकदा तसंच दुसरं. मग सासूबाईंचा गहिवरलेला आवाज आला, “कुठे आहे माझी लेकरू?”

(‘माझं लेकरू’ म्हणा, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण ओठ नायलॉनमध्ये होते.)

“ती झोळीत आहे,” रघुनाथांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

“झोळीत? एवढ्यात?” सासूबाई जवळ आल्या. माझी पावलं बघितली. चाळीस नंबरची, भेगाळलेली. “अगं बाई, ही तर शुभा!”

त्यांच्या मागोमाग ईशाची गाडी आली. ती तरातरा चालत आली तीच ओरडत. “आई! मला सकाळपासून अख्खं जयनगर फोन करतंय! मी प्रेग्नंट नाही म्हटलं तर आत्याआजी म्हणते, मग तुझी आई असेल! जुळं आहे म्हणे!”

बागेत रविवारी सकाळी जितकी माणसं असतात तितकी सगळी गोळा झाली होती. मला उलगडून बाहेर काढलं तेव्हा माझ्यासमोर सासूबाई दोन जुन्या, मऊ, धुतलेल्या साड्या छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी दोन नवीकोरी पितळी घंगाळं होती. जुळ्यांना न्हाऊ घालायला! दुकानातली सगळ्यांत मोठी!

“मग बाळ कुणाचं?” सासूबाईंनी विचारलं.

“कुणाचंच नाही!”

“मग झोळी कुणाची?”

“माझी!”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार मायेनं म्हणाल्या, “एवढी मोठी झालीस, पलंगावर झोप येत नाही का गं तुला?”

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचं तोंड इतकंसं झालं, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. पणजी व्हायची स्वप्नं बघत टेम्पोतून आल्या होत्या बिचाऱ्या. घंगाळं त्यांनी परत नेली नाहीत. “असू देत. कधीतरी लागतील,” म्हणाल्या आणि ईशाकडे असं बघितलं की ती पाणी प्यायला वर निघून गेली. जाताना त्यांनी स्वतःची काठी माझ्या हातात दिली.

“बेटावर जाताना घेऊन जा. लागते.”

“बेटावर काठी कशाला, आई?”

“घेऊन तर जा. आणि माकडं असतात. खायचं लपवून ठेव.”

बेटावर माकडं पोहून आली असतील, असं मी मनाशी म्हटलं. आणि ‘बेट’ त्यांनी किती छान, एका ट मध्ये म्हटलं म्हणून मला अभिमान वाटला. ह्यांनीच शिकवलं असणार.

मग मी लाइफ जॅकेटं आणली. दोन, नारिंगी. ह्यांनी त्यातलं एक हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

“हे कशाला?”

“जीव वाचवायला. पडलात तर?”

“पडलं तर ह्यानं काय होतं?”

“वर येता येतं.”

“एवढ्या खालून?”

“कितीही खालून!” मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी ते जॅकेट फार आदरानं घडी करून बॅगेत ठेवलं. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना विज्ञानाबद्दल पहिल्यांदा इतकं कौतुक वाटलं होतं.

निघायच्या दिवशी मी होडी लागू नये म्हणून दोन गोळ्या घेतल्या आणि गाडीत जी झोपले ती “आलं बेट” ह्या शब्दांनीच जागी झाले. घाईघाईनं लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि उतरले. समोर दगड. वर दगड. त्याच्याही वर, मान मोडेपर्यंत, दगडच.

“होडी कुठाय?” मी विचारलं.

“होडी?” ह्यांनी आजूबाजूला बघितलं, जणू खरंच कुठेतरी ठेवली असेल. “होडी कशाला?”

मी गोळीच्या गुंगीत होते. मला वाटलं, पाणी पलीकडच्या बाजूला असेल आणि ह्या टेकाडावरून पलीकडे उतरायचं असेल. लेखात लिहिलंच होतं की वाट अवघड आहे. मी सासूबाईंची काठी घेतली आणि चढायला लागले. भादव्यातलं ऊन, अंगावर जाड फोमचं जॅकेट, गुडघे कुरकुरतायत. वरून कॉलेजची पोरं उतरत होती. मी त्यांना विचारलं, “पाणी किती लांब आहे?” एका पोरानं आपली बाटली मला दिली. ‘नको, प्यायचं नाही, पोहायचं पाणी’ असं मी खुणेनं सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. एका मुलीनं माझ्याबरोबर सेल्फी घेतला. एका माकडानं चिवडा नेला.

माथ्यावर पोचले. एक देऊळ, एक झाड, वारा. झाड एकच! झोळी बांधायला दोन लागतात. आणि चारी बाजूंना, क्षितिजापर्यंत, कोरडी ठणठणीत जमीन. एवढी मोठी कोरडी जमीन मी एका वेळी कधीच पाहिली नव्हती.

“अहो,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, “हे बेट आहे?”

“हो मग! केवढं मोठं बेट्ट आहे बघ.” घाईत त्यांच्या तोंडून दोन ट निघून गेले. “माफ कर. बेट.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“बेट्ट म्हणजे काय हो?”

“बेट्ट म्हणजे डोंगर. कन्नडात. आमच्या घरात पहिल्यापासून डोंगराला बेट्टच म्हणतात. तू म्हणालीस, चुकतंय, एकच ट आहे. मला वाटलं, शुद्ध मराठीत डोंगराला बेट म्हणत असतील.”

“अहो, बेट म्हणजे आयलंड!” मी किंचाळले. हो, मी. आयलंड म्हणाले. देवळातला पुजारी बाहेर डोकावला.

“आयलंड?” ते माझ्या जॅकेटकडे बघत राहिले. सगळं एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. होडी. पोहणं. कितीही खालून वर येणं. “मग सरळ द्वीप म्हणायचं ना! कन्नडात द्वीपच म्हणतात. तू तर केवढी शुद्ध बोलतेस.”

द्वीप! भांडी विकणाऱ्या माणसानं मला डोंगराच्या टोकावर उभं करून माझ्यापेक्षा शुद्ध शब्द सांगितला! 

“विचारलं का नाहीत मला?” मी म्हटलं. “एवढी जॅकेटं बघितलीत, एकदा तरी विचारायचं!”

“तुझ्या मराठीत चूक कोण काढणार?” ते म्हणाले. टोमणा नव्हता हो. साधं सांगत होते. मग मी नीट बघितलं तर ते झाडाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. ओठ पांढरे पडलेले.

“अहो, काय होतंय?”

“काही नाही. उंचीवर गरगरतं मला. लहानपणापासून. दुकानातल्या शिडीवर पण चढत नाही मी. तुला म्हटलं होतं ना.”

“मग आलात कशाला?”

“पंचवीस वर्षांत तू एकच गोष्ट मागितलीस,” ते म्हणाले. “आणि तू म्हणालीस, खाली बघू नका. मी बघितलं नाही. सगळा वेळ तुझ्या नारिंगी पाठीकडे बघत आलो.”

मला इतकी लाज वाटली, आणि त्या माणसाचं इतकं प्रेम आलं, की मी तिथेच खडकावर फतकल मारून बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. मग ते बसले, झाड न सोडता.  परवानगी फक्त दिवसाची होती; संध्याकाळी पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली हाकललं, आणि माझं बेट तिथल्या तिथे बुडालं. उतरताना मी त्यांचा हात धरला होता. त्यांच्या दुसऱ्या हातात सासूबाईंची काठी. काठी लागते, असं त्यांनी सांगितलंच होतं.

घरी येऊन कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं! सासूबाईंना, ईशाला, जावयाला, टेम्पोवाल्याला. ‘आई डोंगरावर चाललीय आणि तिथे झोळीत झोपणार आहे,’ एवढंच सगळ्यांना वाटलं होतं. ईशा तर म्हणाली, “तू आयलंडचं बोलत होतीस, मग बाबा म्हणाले हिल बुक केलंय. मला वाटलं तू प्लॅन बदललास. तुला विचारलं असतं तर म्हणाली असतीस, हिल काय, टेकडी म्हण!” अख्ख्या खानदानात मी एकटीच बेटावर निघाले होते.

पुढच्या आठवड्यात पाऊस आला. आमच्या एचएसआरला पावसाचं पाणी पाहुण्यासारखं येतं, आधी चप्पल काढायच्या जागेपाशी, मग थेट आत. दोन दिवस संततधार लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली तर गेट नव्हतं. म्हणजे होतं, पाण्याखाली. पुढच्या बाजूला रस्त्याची नदी, मागच्या बाजूला बागेचं तळं. डाव्या उजव्या बाजूच्या गल्ल्यांत गाड्यांची नुसती टपं दिसत होती. वीज गेलेली, त्यामुळे दाराची बेल बंद. फोन मेलेले. खालच्या मजल्यावरचे लोक वरच्यांकडे गेलेले. आम्ही पहिल्या मजल्यावर, दोघंच.

मी चारी खिडक्यांतून पाहून आले. पुन्हा एकदा पाहून आले.

“अहो,” मी ओरडले, “इकडे या! चारी बाजूंनी पाणी!”

ते आले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि झोळ्या काढल्या. बाल्कनीचा गज आणि हॉलचा खांब. एक त्यांना, एक मला, आत सासूबाईंच्या मऊ साड्या. ह्या वेळी मी आधी बसले, मग पाठ टेकली, मग पाय वर घेतले, आणि झोळीनं मला घेतलं! खाली दोन्ही घंगाळं पाण्यावर तरंगत होती. वॉचमननं ती पार्किंगमधून काढून त्यांना दोर बांधला होता आणि त्यांतून घराघरांत दूध पोचवत होता. आमच्याही बाल्कनीखाली आली. मी वरून बादली सोडून दूध वर घेतलं. स्टोव्हवर चहा झाला. कुणी येणार नव्हतं. कुणी येऊच शकत नव्हतं. मी डोळे मिटले. पंचवीस वर्षं, पण मिळालं, असं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात खालून फटफट फटफट असा आवाज आला.

एक ट्रॅक्टर पाणी कापत गेटावरून आत येत होता. मागच्या ट्रॉलीत खुर्ची. खुर्चीत, डोक्यावर छत्री, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन, सासूबाई!

“शुभा!” त्यांनी खालूनच हाक मारली. “फोन लागेना, जीव राहीना. अन्न आणलंय, सारू आणलंय. अगं, तुमचं तर बेट झालं की गं इथे!”

बेट. एका ट मध्ये. अर्थासकट. मी झोळीतून उतरायला गेले आणि अर्थातच उपडी पडले.

त्यांना जिन्यावरून वर आणलं, पदर पिळून दिला, चहा दिला. दोघींनी मिळून गरम भात आणि ते सारू, म्हणजे आपलं सार, वाढलं. जेवून झाल्यावर त्यांनी माझी झोळी हातानं चाचपून बघितली, आतली स्वतःची जुनी साडी ओळखली, आणि आधी बसल्या, मग पाठ टेकली, मग पाय वर घेतले. पहिल्या प्रयत्नात! वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी! लेख वाचून पद्धत शिकावी लागते ती मला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सुखानं म्हणाल्या, “शुभा, स्वल्प झोका दे गं.”

“आई, स्वल्प नाही,” माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, “थोडा म्ह…”

“शुभा,” शेजारच्या झोळीतून रघुनाथ म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं ते ह्याच वेळी. “रविवारी तू मुलांना ते काय शिकवतेस? वाक्यात मध्येच जरा थांबायचं असेल तर खाली शेपटीवालं टिंब देतात, त्याला काय म्हणतात?”

 बाहेर चारी बाजूंनी पाणी होतं, पळायला वाट नव्हती. मी गपचूप खाली बसले, आणि ज्या बाईनं पंचवीस वर्षं ह्या घरात कुणाला ‘स्वल्प’ म्हणू दिलं नाही आणि दर रविवारी फळ्यावर ‘स्वल्पविराम’ लिहिला, तिनं सासूबाईंच्या झोळीला झोका दिला. स्वल्प नाही, चांगला लांब.